पुष्याची म्हैस

एक गाव होतं निवडुंगवाडी, आणि त्या गावाला पाऊस जनावरावर बसून यायचा. आटपाट म्हणावं एवढं ते गाव मोठं नव्हतं. शंभर उंबरे, एक मारुती, एक शाळा आणि होळीच्या आधीच कोरडा पडणारा ओढा. तिथं भिवा ठाणगे होता, त्याची बायको सोजर होती, आणि भिवाची आई केराबाई होती. पावसाच्या जनावराची दावण या ठाणग्यांच्या दारात होती.

तसा पाऊस सगळीकडंच जनावरावर बसून येतो. पाडव्याला पंचांग वाचतात तेव्हा कोणत्या नक्षत्राचं वाहन काय, ते सांगतात. कुणाचं हत्ती, कुणाचं मोर, कुणाचं गाढव. बाकीच्या गावांत ते ऐकतात आणि सोडून देतात. निवडुंगवाडीत ते जनावर दारात येऊन उभं राहायचं आणि त्याला वैरण घालावी लागायची.

नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. तेवढ्यात केव्हातरी जनावर शिवेवर यायचं. ठाणग्यांच्या घरची बाई दावं घेऊन सामोरी जायची, त्याच्या पायांवर पाणी घालायची आणि त्याला आणून खुंट्याला बांधायची. बेडकाला दावं चालत नसे, त्याच्यावर पाटी पालथी घालत. हत्तीच्या पायाशी दावं नुसतं ठेवलं तरी तो बांधल्यासारखा राही; समजूतदार जनावर. पाऊस स्वतः दिसायचा नाही. जनावराच्या पाठीवर कुणी बसून आल्यासारखा खोलगट ओला डाग असायचा, तेवढाच. जनावर दावणीला लागलं की पाऊस खाली उतरायचा आणि जनावर गावात आहे तोवर पडायचा. मग एका सकाळी जनावर दावं ओढायला लागायचं, बाई गाठ सोडायची, आणि ते पुढच्या गावाला जायचं. किती दिवस राहणार हे त्याला विचारायचं नाही, ही एक रीत होती. पाहुण्याला ते कुणीच विचारत नाही.

केराबाई लग्न होऊन आली तेव्हा जनावरं अंतराअंतरानं यायची. दोन दिवस राहायची, आठ दिवस उघडीप, मग दुसरं. आताही वर्षाकाठी जनावरं तेवढीच यायची. केराबाई दरसाल बोटांवर मोजायची, एकही कमी झालेलं नव्हतं. पण त्यांच्या चाली बिघडल्या होत्या. हत्ती यायचा, तासभर उभा राहायचा, बांध फोडून निघून जायचा. मग महिनाभर दावण रिकामी. मग एकाच दिवशी दोन जनावरं, एकमेकांना शिंगं लावत. तलाठी भाऊसाहेब म्हणायचे, वर्षाची सरासरी बरोबर भरते आहे. केराबाईनं त्यांना एकदा विचारलं होतं, वर्षाच्या सगळ्या भाकरी एका दिवशी खाऊ घातल्या तर माणूस जगंल का मरंल. भाऊसाहेब म्हणाले होते, त्याचा तक्ता आमच्याकडं नाही.

त्या वर्षी मृगाला कोल्हा आला. शिवेच्या दगडापाशी थांबला, एक पाय वर केला आणि गेला. तेवढ्या ओलीवर निम्म्या गावानं पेरलं. आर्द्रेचा घोडा डोंगराच्या कडेनं गेला, घोड्याची वाट डोंगरातूनच असते. पुनर्वसूला मेंढा होता. त्याची लोकर वाटेत कुणीतरी आधीच कातरून घेतली होती, अंगावर थेंब धरायला जागा नव्हती. कोल्ह्याच्या ओलीवर उगवलेली बोटबोटभर बाजरी उन्हानं करपून गेली. शेजारच्या इठाबाईची तर सगळी गेली.

सोजरीनं पेरलं नव्हतं. तिच्याकडं अडीच एकरांचं बाजरीचं आणि तुरीचं बी होतं, राखेत घोळून मडक्यात भरलेलं, आणि ते एकाच पेरणीचं होतं. भिवा रोज एकदा मडक्याकडं बघायचा आणि एकदा बायकोकडं. मृगात सगळे पेरत होते तेव्हा त्यानं विचारलं होतं, बियाला काय लोणच्यासारखं मुरवायचं आहे का. सोजर म्हणाली होती, रानात चार बोटं ओल दिसल्याशिवाय मडक्याचं तोंड सुटणार नाही. नंतर इठाबाईचं करपलेलं रान बघून आल्यावर भिवानं विचारणं बंद केलं.

पण नुसतं बी वाचून भागत नव्हतं. बाजरी पुष्यापर्यंत पेरता येते, पुढं नाही. पेरणी झाली नाही तर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचं. मुकादम येऊन नावं विचारून गेला होता. नवरा-बायको कोयत्यावर गेली तर केराबाई घरी एकटी राहणार. तिचे डोळे गेले होते, तिला पालावर नेण्यासारखी तब्येतही राहिली नव्हती, आणि सहा महिन्यांनी परत येऊ तेव्हा ती असेल असं कुणी सांगू शकत नव्हतं. सोजर तीन हंगाम कोयता करून आली होती. चौथा करायचा नाही, हे तिनं कुणाला न सांगता ठरवून टाकलं होतं. मुकादमाला तिनं चहा दिला आणि नाव दिलं नाही.

पुष्याचं वाहन म्हैस होतं.

म्हैस चौथ्या दिवशी भर दुपारी आली. गावानं हत्तीएवढी म्हैस मनात धरली होती. ही आली ती माकडहाडं वर आलेली, खूर झिजलेले, मान खाली. लांबून चालत आली होती. सोजर दावं घेऊन सामोरी गेली. टँकरच्या पाण्यातली अर्धी घागर राखून ठेवली होती, ती तिच्या पायांवर घातली. म्हैस त्या ओल्या मातीला तोंड लावून उभी राहिली.

"ये माय," सोजर म्हणाली, "तुझं बी लई हाल दिसत्यात."

तिला आणून खुंट्याला बांधली. कडब्याची पेंढी टाकली. पेंढी संपायच्या आत पाऊस उतरला.

पाऊस चांगला होता. वळचणीखाली ठेवलेल्या घागरी भरल्या, हंडे भरले, बोळातून पाणी वाहत ओढ्याला लागलं. तीन भिंती बसल्या. लोक ओट्यावर उभे राहून एकमेकांकडं बघून हसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भिवा घोंगडी घेऊन रान बघायला गेला आणि घटकाभरात परत आला. त्याच्या डोक्यावरून पाणी निथळत होतं आणि गुडघ्यापर्यंत पाय फुफाट्यानं पांढरे झाले होते.

पाऊस मारुतीपासून शाळेपर्यंत होता. शाळेच्या पलीकडं पहिल्याच बांधावर तो संपत होता, आणि तिथून पुढं कडकडीत ऊन. सगळं शिवार कोरडं. पूर्वी जनावर खुंट्याला बांधलं की पाऊस या शिवेपासून त्या शिवेपर्यंत पडायचा. आता तो हाकेच्या पलीकडं जात नव्हता. जनावर तेच, खुंटा तोच, मधलं काहीतरी आखूड झालं होतं.

त्याच दिवशी भाऊसाहेब पडलेल्या भिंतींचा पंचनामा करायला आले. छत्री धरून ते ठाणग्यांच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी कागद काढला. सरपंच सर्जेराव काळेल त्यांच्या शेजारी भिजत उभे होते.

"पाऊस चांगला पडतोय, भाऊसाहेब," सरपंच म्हणाले. "तेवढं लिहा."

"दिसतोय मला," भाऊसाहेब म्हणाले. "पण नोंद पर्जन्यमापकाची धरतात. मापक मंडळाच्या गावाला आहे. तिथं आज निरंक."

"मग ह्या भिंती कशानं पडल्या?"

भाऊसाहेबांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "जुन्या होत्या, असं लिहितो."

मग त्यांनी म्हशीकडं पाहिलं. कानाला बिल्ला नव्हता. मालकाचं नाव विचारलं, सोजरीनं सांगितलं, पाऊस. राहणार कुठला, ते तिला सांगता आलं नाही. भाऊसाहेबांनी थोडा विचार करून 'हंगामी' असं लिहिलं. माणूस वाईट नव्हता. जाताना सोजरीला बाजूला घेऊन सांगून गेला की, हिला मंडळाच्या गावाकडं तेवढी जाऊ देऊ नका. तिथं दोन थेंब पडले की तुमचा टँकर बंद होईल.

संध्याकाळी मारुतीच्या सभामंडपात गाव जमलं. म्हैस रानात न्यावी लागणार, यावर कुणाचं दुमत नव्हतं. आजवर पावसाचं जनावर मधेच खुंट्यावरून सोडलेलं नव्हतं, तेव्हा ते चालतं का, हे केराबाईला विचारलं. केराबाई म्हणाली, खुंटा माणसांच्या सोयीसाठी असतो, जनावराला त्याचं काही नाही. तो प्रश्न मिटला.

मग कुणाच्या रानात आधी, हा प्रश्न निघाला. सरपंचांनी दुपारीच यादी करून ठेवली होती. गावात विहिरीच्या पाण्याची बारी क्षेत्रावर ठरते. जास्त रान त्याची बारी आधी आणि मोठी. तशीच म्हशीची बारी लावली होती. पहिला दीड दिवस सरपंचांचे बावीस एकर, मग त्यांचे चुलते, मग पुढं उतरत उतरत. म्हैस प्रत्येकाच्या रानात बारीपुरती उभी करायची. ठाणग्यांचे अडीच एकर माळाच्या कडेला, यादीच्या तळाला. त्यांची बारी सतराव्या दिवशी येत होती. पुष्य संपायला दिवस राहिले होते आठ.

सोजर बायकांच्या घोळक्यातून उठून पुढं आली.

"यादीला दिवस किती लागणार, सरपंच?"

"सतरा."

"आन् म्हैस किती दिवस हाय?"

"ते विचारायचं नसतं," सरपंच म्हणाले. सभामंडपात कुणीतरी हसलं.

"मग मी सांगते. विहीर जागची हलत न्हाई म्हणून तिला बारी लावली आपल्या थोरांनी. म्हशीला पाय हाईत. मी हिला कुणाच्याच रानात उभी करणार न्हाई. माझ्या बी न्हाई. दिवस उगवल्यापास्नं मावळंपतूर चालवणार. आज खालच्या अंगानं, उद्या वरच्या, परवा माळाकडनं, आन् चौथ्या दिशी परत खालच्या. सगळ्याच्या रानावरनं जाईल."

"थोडंथोडं भिजून काय हुतंय, वैनी?" मागून एकानं विचारलं.

"बी काय पव्हायला शिकाय बसलंय? त्याला चार बोटं ओल लागती. मग दोन दिस उघडीप लागती, वाफसा यायला. मग परत एक शिडकावा. पाऊस लागतो तेवढीच उघडीप लागती. एका जागी दीड दिवस म्हैस उभी केली तर सरपंचाच्या रानात बाजरी येईल का मासं, ते तुम्हीच सांगा."

सरपंचांनी यादी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "दावं तुझ्या हातात हाय म्हणून बोलतीस."

"व्हय," सोजर म्हणाली.

सरपंचांनी यादीची घडी घातली. यादी रद्द झालेली नाही, स्थगित झाली आहे, असं त्यांनी सभेला सांगितलं, आणि सभा संपली.

दुसऱ्या दिवशी उजाडायला सोजरीनं कासोटा घातला, पोत्याची खोळ डोक्यावर घेतली आणि म्हशीला बाहेर काढली. भाकरी पदराला बांधून घेतली होती. पहिल्या तासाभरातच तिला चालीचा हिशेब कळला. म्हैस उभी राहिली की मुसळधार पडायचा. भराभरा चालवली की उडते थेंब पडायचे, त्यानं नुसती धूळ बसायची. आणि नवरी घेऊन बैलगाडी जाते तशा चालीनं चालवली की मागं हाकेच्या अंतरापर्यंत दोन्ही बाजूंनी संथ पाऊस पडायचा, मातीत मुरणारा. ती चाल सोजरीनं धरली. या बांधावरून त्या बांधावर, नांगराच्या तासाला लागल्यासारखी. पुढं ऊन, मागं पाऊस, आणि मधे ती आणि म्हैस.

इठाबाई आपल्या करपलेल्या रानाच्या बांधावर बसून होती. सोजर जवळ आली तेव्हा ती म्हणाली, "आमचं जळून गेलं, सोजरे. आता इथनं कशाला हिंडवतीस? मड्याला आंघोळ घालाया?"

सोजर थांबू शकत नव्हती. चालता चालताच तिनं विचारलं, घरात मटकी आहे का. इठाबाई म्हणाली, पायलीभर आहे, उसळीला ठेवलेली. सोजर म्हणाली, मटकीला अजून उशीर झालेला नाही. एवढं बोलणं होईस्तोवर ती रानाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती, आणि इठाबाई भिजत उभी होती.

तीन दिवसांत सगळं शिवार एकेकदा भिजलं. लोक कुरकुरत होते. खालच्या अंगाचे म्हणत, वरच्या अंगाला ती सावकाश चालते. वरचे म्हणत, खाली तिनं दोनदा फेरी मारली. एकानं बांधावर बसून सोजरीची पावलं मोजली आणि आपल्या चुलत्याच्या रानात चाळीस पावलं जास्त पडली असा अर्ज सरपंचांकडं दिला. सरपंचांनी तो यादीबरोबर ठेवला. सोजर आपली चाल मोडत नव्हती. तिच्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या. दिवस मावळला की भिवा तिच्या पायांना एरंडेल लावायचा. चावडीपुढं लोक त्याला म्हणायचे, तुझी बायको तर आता पावसाची गडी झाली. तो म्हणायचा, असंल.

चौथ्या दिवशी सरपंचांच्या रानात जे व्हायचं ते झालं. सरपंचांनी आपल्या जर्सी गाईंसाठी विकत आणलेलं उसाचं हिरवं वाढं होतं. म्हैस बावीस एकरांच्या मध्यावर आली तेव्हा ते स्वतः पेंढी घेऊन आडवे आले. जनावर उपाशी आहे, दोन घास खाऊ द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. म्हशीनं दोन घास खाल्ले, चार खाल्ले आणि ती खाली बसली.

म्हैस उभी राहिली की काय होतं ते गावानं बघितलं होतं. बसली की काय होतं ते बघितलं नव्हतं. पाऊस पडला असं म्हणता येत नाही, तो ओतला. समोरचा माणूस दिसेना. घटकाभरात पहिला बांध फुटला, मग दुसरा, आणि रानातली काळी माती दुधावरची साय निघावी तशी निघाली आणि ओढ्याकडं चालू लागली. सरपंच गुडघाभर पाण्यात उरलेली पेंढी धरून उभे होते. पेंढी टाकायची का धरून ठेवायची, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"उठीव तिला," ते म्हणाले. "सोजरे, उठीव. माझं रान चाललं."

दोघातिघांनी काठ्या उगारल्या. सोजरीनं त्यांना मागं सारलं. ती म्हशीच्या कुशीला टेकून खाली वाकली आणि उठवण्यासाठी तिनं पोटाला हात लावला. हाताला आतून लाथ बसली.

सोजरीनं हात तसाच ठेवला. पुन्हा लाथ बसली. म्हैस गाभण होती आणि दिवस भरत आले होते. एवढ्या लांबून ती तशीच चालत आली होती.

सोजर तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलली. पावसाच्या आवाजात बाकीच्यांना ते ऐकू गेलं नाही, पण पुढं तिनंच सांगितलं. ती म्हणाली होती, "उठ माय. आपल्याला बसायची सोय न्हाई. मी बी चार दिस बसले न्हाई."

म्हशीनं आधी मागचे पाय उचलले, मग पुढचे.

त्या दिवसापासून चाल आणखी हळू झाली, तीन दिवसांची फेरी लांबली, आणि पाऊस आणखी मुरायला लागला. गावातल्या बायका आळीपाळीनं बरोबर चालू लागल्या. एक पुढं वाटेतले खडे वेचायची, एक म्हशीची पाठ खाजवायची, तो ओला डाग सोडून. इठाबाई घरून गुळाचं पाणी आणायची. सरपंचांच्या बावीस एकरांपैकी सहा एकरांत खडक उघडा पडला होता. त्यांनी घरी जाऊन यादी काढली आणि चुलीत घातली. अर्ज मात्र ठेवला, कारण तो आवक नोंदवहीत चढला होता.

सहाव्या दिवशी माळाकडच्या रानात वाफसा आला. भिवानं केराबाईला गाडीत घालून रानात नेलं. तिनं वाकून मातीत हात खुपसला. चार बोटं ओलीत बुडाली आणि अंगठा कोरडा राहिला. तिनं मडक्याचं तोंड सोडलं. भिवाकडं एकच बैल, दुसरा इठाबाईचा. दोघांनी सावड केली, आधी इकडची पेरणी, मग तिकडची. भिवानं पाभर धरली आणि केराबाईनं बांधावर बसून, दिसत नव्हतं तरी, प्रत्येक तास सरळ आहे का ते त्याला सांगितलं. सोजर तेव्हा खालच्या शिवेला होती. लांबून तिला पाभर चालताना दिसली. तिनं दावं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि ती चालत राहिली.

पुष्याच्या शेवटच्या दिवशी शेवटची फेरी माळाकडून होती. पेरलेल्यावर एक शिडकावा हवा होता, तो झाला. फेरी संपवून म्हैस बांधावर आली आणि थांबली. आता ती थांबली तरी मुसळधार झाला नाही. पाऊस पहिल्यांदाच ती गावात असताना उघडला. सोजर समजली. तिनं पोत्याची खोळ खाली अंथरली, इठाबाईला हाक मारली, आणि दिवस कलायच्या आत म्हैस तिथंच व्याली.

वगार झाली. म्हणजे म्हशीचं मादी पिल्लू. काळीकुळकुळीत, लांब पायांची. म्हशीनं तिला चाटलं, ती धडपडत उभी राहिली, आणि तिच्याभोवती सुपाएवढा पाऊस पडायला लागला. सुपाच्या बाहेर ऊन होतं.

गाव बांधावर जमलं. आता ही वगार कुणाची, असा प्रश्न आला. सरपंच म्हणाले, गावाची असावी. कुणी म्हणालं, पावसाची, तिला तिच्या आईबरोबर जाऊ द्यावं. मग जुन्या माणसांनी रीत सांगितली. दुसऱ्याचं जनावर राखोळीला असताना व्यालं, तर पहिलं पिल्लू राखणाऱ्याचं. मालक हजर नसला तरी रीत बदलत नाही. सरपंचांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली आणि म्हणाले, "मग ठाणग्यांचीच."

"मी पावसाला विचारलं न्हाई," सोजर म्हणाली.

"त्याला कुठं विचारतात?" केराबाई म्हणाली. "ने घरला."

पण म्हशीला जायचंच होतं. तिला पुढची गावं होती, आणि नक्षत्र संपत होतं. चीक वगारीला पाजून झाला, तिनं वगारीला पुन्हा एकदा नाकापासून शेपटीपर्यंत चाटलं, आणि दावं ओढलं. सोजरीनं गाठ सोडली. म्हैस चार पावलं गेली आणि तिनं मागं वळून बघितलं. आणखी चार गेली आणि पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा तिनं बघितलं नाही. इठाबाईच्या म्हशीचं रेडकू उन्हाळ्यात दगावलं होतं, त्या म्हशीनं वगारीला अंगाला लावून घेतलं. इठाबाईचा तेवढा दोन आचळांचा वाटा गेला. तिनं तो विषय कधी काढला नाही.

पुढच्या आठवड्यात भाऊसाहेब आले. वगार ओट्यापुढं उड्या मारत होती आणि तिच्यावर पाऊस पडत होता. नक्षत्र कोणतं धरायचं, असं त्यांनी स्वतःशीच विचारलं, कारण वगार पुष्यात झाली होती आणि आता आश्लेषा लागली होती. मग पुस्तक चाळून त्यांनी सांगितलं की, तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत याला पाऊस धरता येणार नाही. तोवर दव म्हणून लिहू.

त्यांनी दव म्हणून लिहिलं. आश्लेषेला गाढव आलं नाही, मघाला उंदीर आला आणि रात्रीतून गेला. बाकीच्या गावांची बाजरी कणसं निसवायच्या वेळी माना टाकायला लागली. निवडुंगवाडीत सोजर दर आठ दिवसांनी वगारीला दोरी लावून रानोरान फिरवत होती. सुपाएवढा पाऊस खळ्याएवढा झाला होता. वगार चालायची कमी आणि उड्या जास्त मारायची, त्यामुळं पाऊस जरा विस्कळीत पडायचा, पण पडायचा. इठाबाईची मटकी आली. सरपंचांच्या सोळा एकरांत बाजरी आली आणि सहा एकरांत खडक राहिला. त्यांनी तिथं ओढ्यातली आपली माती गाड्यांनी परत वाहायला घेतली. ठाणग्यांच्या अडीच एकरांत कणसं वीतभर लांब आणि मनगटाएवढी जाड. मुकादम दिवाळीच्या आधी आला तेव्हा सोजर खळ्यावर उपणत होती. तिनं त्याला नव्या बाजरीची भाकरी दिली आणि नाव दिलं नाही.

केराबाई त्या हिवाळ्यात मेली नाही, पुढच्याही नाही. ती ओट्यावर बसून वगारीची पाठ चाचपायची आणि ओला डाग अजून पडला नाही ना, ते बघायची. पाठीवर कुणीच बसत नव्हतं. वगारीचा पाऊस तिचा तिच्या अंगातच होता.

चौथ्या वर्षी वगार गाभण राहिली. कोणत्या नक्षत्रात, ते सगळ्यांनी विचारलं. कुणापासून, ते कुणी विचारलं नाही. पाच घरच्या बायकांनी येऊन तिची ओटी भरली. आणि त्याच महिन्यात भिवानं इठाबाईचा बैल मागून आणला आणि माळावरचं दीड एकर पडीक रान, जे त्याच्या बापानं आणि आज्यानं कधी नांगरलं नव्हतं, ते नांगरायला घेतलं.